हातांनी वाचलेलं लाकूड

पाण्याखालच्या कामाविषयी जे छापून येतं त्यात पाणी निळं असतं. मासे असतात, वरून उन्हाचे पट्टे उतरतात आणि बुडालेलं जहाज डोलकाठीसकट उभं असतं. हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही भिवंडीच्या खाडीत डोकं घातलेलं नसावं. खाडीचं पाणी उकळलेल्या चहाच्या रंगाचं असतं. दोन हात खाली गेलं की तो रंगही दिसत नाही आणि तिथून पुढे डोळ्यांना काम नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मिळून सोळा वर्षं मी या खाडीत आणि मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम केलं. त्यातली चारेक वर्षं जुन्या लाकडी जहाजांच्या अवशेषांवर गेली. बुडालेलं जहाज मी एकदाही पाहिलेलं नाही. चाचपलेलं आहे.

या धंद्यात मी वर्तमानपत्रातून आलो. पाच वर्षं उपसंपादक होतो, पेपर बंद पडला, नोकरी गेली. जन्म अंजूरचा, खाडीकाठचा, त्यामुळे पोहणं येत होतं. गोदीत बुडालेला माल काढणाऱ्या एका कंत्राटदाराला असा माणूस हवा होता, जो खाली काय आहे ते वर येऊन सरळ वाक्यात सांगेल. त्याच्याकडचे पाणबुडे माझ्यापेक्षा कितीतरी तयार होते, पण वर आल्यावर “साहेब, लय मोठं हाय” याच्या पुढे त्यांचं वर्णन जात नसे. आमच्या वृत्तसंपादकांनी मला एक नियम शिकवला होता: एकाने सांगितली ती अफवा, दोघांनी वेगवेगळी सांगितली ती बातमी. कंत्राटदाराला हा नियम फार आवडला. मलाही त्याचा अभिमान होता. किती, ते पुढे येईल.

काम कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे नंतर थांबावं लागणार नाही. हवेची टाकी मुंबईहून भरून टेम्पोने आणायची. उधाणाचे दिवस टाळून, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची ओढ कमी असते तेव्हा उतरायचं. तेही भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी उभं राहतं तेवढा अर्धा तास. कमरेला दोरी, दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोड, तीन म्हणजे ओढ; वरून तीन आले तर वर ये. टेप नेऊन उपयोग नाही, वाचणार कसा? म्हणून हातभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी न्यायची आणि गाठी मोजायच्या. खाली लिहिता येत नाही. वर आल्यावर, तोंडातली नळी काढायच्या आधी, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने सगळं उतरवायचं. तोवर होडीत कोणी एक शब्द बोलायचा नाही. कोणी “तोफ होती का?” असं विचारलं की पाणबुड्याच्या हातांना तोफ आठवू लागते.

तोफेचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. भिवंडीतल्या एका लूममालकाने बंगल्याच्या फाटकाशी ठेवायला मला तोफ काढून मागितली होती. खाडीत तोफ असेलच असं नाही, असं सांगितल्यावर शेठ म्हणाले, “भाई, बड़ी नहीं तो छोटी देखो.” दोन हवेत म्हणे, दोन्ही बाजूंना, नाहीतर फाटक लंगडं दिसेल. अशी गिऱ्हाइकं बरीच आली. बुडालेलं जहाज म्हणजे खजिना हे समीकरण सुशिक्षितांच्या डोक्यात अशिक्षितांपेक्षा घट्ट असतं. पुस्तकं वाचल्याचा परिणाम.

आता जहाजाबद्दल.

अंजूरच्या बाजूला खाडीत रेती काढणारे डुबीवाले असत. होडी नांगरायची, लांब बांबू तळाशी रोवायचा, बांबू धरून नाक दाबून खाली जायचं, बालदी रेतीने भरायची आणि वर यायचं. दिवसातून शंभर वेळा तरी. टाकी नाही, मास्क नाही. या माणसांना पाणबुडे कोणी म्हणत नाही, कारण त्यांना प्रमाणपत्र नाही. त्यांच्यातल्या जानूची बालदी एके ठिकाणी वारंवार लाकडावर आपटू लागली. वर्षभर तो तिथेच होडी बांधत होता, कारण खुंटा आयता मिळाला होता. मग एकदा माझी टाकी बघायला आला आणि सहज म्हणाला, “भाऊ, तुमी येवढी नळकांडी लावून जाता न् वर येता ते हात हलवीत. आमच्या खुंट्यावर तरी एकदा जाऊन या. तो खुंटा न्हाय, गलबत हाय कायतरी.”

जानूचं बरोबर होतं. सतरा-अठरा हात पाण्याखाली चिखलात मोठ्या जहाजाचा मागचा भाग कलता रुतला होता. चिखलाच्या वर होतं ते खाडीतल्या किड्याने चाळणी करून टाकलेलं. चिखलात होतं ते टिकलेलं. मागचा उभा खांब, ज्यावर सुकाणू टांगतात, तो सागाचा, माझ्या कवेत मावत नव्हता. साध्या मासेमारीच्या होडीला एवढा खांब लागत नाही. हे दूरच्या समुद्रावर जाणारं जहाज होतं.

ज्या सरकारी खात्याला कळवायला हवं त्याला कळवलं. साहेब आले. साहेबांच्या बुटांना खाडीचा चिखल लागला, याची नोंद त्यांनी दोनदा घेतली. मग एका दैनिकात ‘खाडीत खजिना?’ असा मथळा आला. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपते, हे आम्ही त्या धंद्यात असताना शिकलो होतो. मथळ्यामुळे तीन महिने पैसे मंजूर झाले आणि मला कामावर घेण्यात आलं. उतरणारा मी एकटा. दुसरा पाणबुड्या ‘पुढील टप्प्यात’.

मथळ्याची बातमी ऐकून इस्माईल मिस्त्री आले. वय सत्तरच्या पुढचं. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या सुतार. भिवंडीत त्यांचा कारखान्यांच्या गल्लीत पत्र्याचा गाळा होता. तिथे ते पॉवरलूममध्ये धोट्याला टोला देणाऱ्या लाकडी पिकिंग स्टिक आणि शटलच्या पेट्या बनवत. त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते गावात सगळ्यांना पाठ होतं: आमचे बापजादे या खाडीवर जहाजं बांधायचे, अरबस्तानात जाणारी. लूमवाले त्यांना चिडवत, “मिस्त्री, हमारा लूम भी जहाज है क्या? चलता ही नहीं.” इस्माईल चाचा रंधा चालवत राहत. पुरावा मागितला तर त्यांच्याकडे नव्हता. कागद नाही, चित्र नाही. होती ती एक घराण्याची खूण.

आपल्या गाळ्यात नेऊन त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्यांच्या घराण्यातला मुख्य मिस्त्री जहाज पुरं झालं की मागच्या खांबाच्या आतल्या अंगाला, अगदी तळाशी, छिन्नीने एक खूण पाडायचा. मालकाला दिसू नये अशा जागी. मालकाचं नाव वर सोन्याच्या रंगाने असायचं, मिस्त्रीचं खाली, अंधारात.

“ती खूण अशी,” म्हणून चाचांनी जमिनीवरच्या भुश्शात बोट टेकवलं.

मी त्यांचा हात धरला. “चाचा, काढू नका. कशी आहे ते मला सांगायचंच नाही.”

“कां? चोरीची हाय?”

मी समजावलं. खूण आधी कळली तर अंधारात माझ्या हातांना तीच लागेल, नसली तरी लागेल. मग ती साक्ष खोटी. मला माहीत नसताना मी वर येऊन तुम्हाला सांगितलं, तरच ती खरी.

चाचांनी भुश्शावरून हात फिरवला. “ठीक हय, पेपरवाले. न्हाय सांगत. तू येऊन मला सांग.”

त्या दिवसानंतर मी गाळ्यात गेलो की चाचा आपली हत्यारांची पेटी झाकण लावून बंद करत आणि मला तिच्यावर बसवून चहा मागवत. हत्यारांना हात लागू नये म्हणून जपत असतील, असं मला वाटे. म्हाताऱ्या कारागिरांचा कंजूषपणा मला परिचयाचा होता.

खांबाच्या तळापर्यंत पोहोचायला पाच आठवडे लागले. चिखल हाताने काढायचा, पुढच्या भांगाला परत जायचं तोवर निम्मा परत भरलेला. अखेर एका सकाळी माझा उजवा हात आतल्या अंगाला, तळाशी पोहोचला. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाचा बाहेरचा थर ओल्या साबणासारखा होतो, नख लावलं तर उमटतं. म्हणून बोटांची पेरं टेकवून, न दाबता, सरकवत न्यायची. खूण होती. उभी रेघ. तिच्या उजव्या अंगाला दोन तिरक्या. खाली एक भोक, करंगळीचं टोक जाईल एवढं. दोरी धरणाऱ्या जानूने घाईने तीन झटके दिले, म्हणजे पाणी फिरलं होतं. मी वर आलो आणि पाटीवर खूण काढली.

आणि पुसली.

त्याचं कारण मी त्या वेळी स्वतःला असं दिलं. हात एकदाच फिरला होता. लाकूड मऊ, रेघ माझ्याच नखाची असू शकते. भोक किड्याचं असू शकतं. दुसऱ्या कोणी तपासलेलं नाही. एक सूत्र म्हणजे अफवा. अहवालात लिहिलं, ‘तळाशी आतल्या बाजूस कोरीव काम असण्याची शक्यता, पुनर्तपासणी आवश्यक.’ पुढच्या भांगाला पुन्हा उतरू, तोवर गोदीतून दुसरा माणूसही बोलावू, आणि मग चाचांना सांगू, असं ठरवलं. होडी काठाला लागली तेव्हा चाचा बांधावर उभे होते. मी मानेनेच नाही म्हटलं. पाटी पुसण्यापेक्षा ते जास्त चुकीचं होतं.

पुढच्या भांगाच्या आधी गोदीतून बोलावणं आलं. एका बार्जच्या तळाला भगदाड पडलं होतं. तीन आठवडे मी मुंबईत अडकलो. त्या तीन आठवड्यांत एका पुढाऱ्याचा भिवंडीचा दौरा ठरला. साहेबांना त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. अहवाल दाखवून भागत नाही. साहेबांनी साखळ्या आणि क्रेन मागवली आणि तो खांब उपटून काढला. एका शाळेच्या पटांगणात तो मांडवाखाली ठेवला, हार घातला, भाषण झालं. भाषणात सोन्याचा उल्लेख होता, असं जानूने सांगितलं. पुढारी गेल्यावर खांबाचं काय करायचं हा प्रश्न उरला. तेव्हा साहेबांना आठवलं की गावात एक जहाजाचा मिस्त्री आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरकारी माणसाने इस्माईल चाचांना जहाजाचा मिस्त्री म्हटलं, आणि खांब त्यांच्या ताब्यात दिला.

माझ्या अहवालाच्या नवव्या पानावर, इंग्रजीत, एक वाक्य होतं: पाण्यातून काढलेलं लाकूड एक क्षणही सुकू देऊ नये, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावं. शेकडो वर्षं भिजलेल्या लाकडाला आतून पाण्यानेच उभं धरलेलं असतं. पाणी गेलं की ते स्वतःच्या अंगावर कोसळतं. हे वाक्य बिनचूक होतं. ते साहेबांनी वाचलं नाही आणि चाचांना वाचता येत नव्हतं. मी तीन महिने चाचांच्या पेटीवर बसून चहा प्यालो, पण हे त्यांना मराठीत एकदाही सांगितलं नाही. अहवालात लिहिलं आहे म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत होती.

चाचांनी त्या लाकडाचं तेच केलं जे त्यांच्या घराण्याने हजार होड्यांचं केलं असेल. हंगाम संपल्यावर होडी ओढून वर घेतात तसा तो खांब त्यांनी गोड्या पाण्याने धुतला. उन्हात नाही, सावलीत, बारदानाखाली ठेवून सुकवला. मग मुशी माशाचं तेल राळेत उकळून तीन हात दिले. कामात कुठेही हयगय नव्हती. मी परत आलो तेव्हा ते सगळं होऊन गेलं होतं.

जानू अंबाडीला एसटीत भेटला, तिथेच त्याने सांगितलं, “भाऊ, जाऊ नका इतक्यात. मिस्त्री जेवत न्हाय.”

मी गेलो. खांब गाळ्याच्या मधोमध आडवा होता, होता त्यापेक्षा निम्मा. लांबीभर भेगा पडल्या होत्या, हात जाईल एवढ्या. बाहेरचा थर पापुद्र्यांनी निघून खाली पडला होता, चुलीतल्या राखेसारखा. लाकूड फाटतंय हे पहिल्या आठवड्यातच चाचांच्या लक्षात आलं होतं. गळत्या होडीच्या फटी भरतात तशा त्यांनी त्या भेगा लूमचं वेस्ट सूत राळेत बुडवून ठासून भरल्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या सुताच्या रेघा खांबभर दिसत होत्या. जितकं भरलं तितकं ते फाटत गेलं होतं. तळाचा आतला भाग, जिथे माझा हात फिरला होता, तो जमिनीवर चुऱ्याच्या ढिगात होता. चाचांनी तो ढीग झाडला नव्हता.

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि मला बसायला सांगितलं. चहा मागवला नाही.

“मी सुकवलं,” ते म्हणाले. “लाकूड हाय, सुकवायचं न्हाय तर काय करायचं? आमी सुकवतोच.”

मी म्हणालो, चूक तुमची नाही. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

“तू हात फिरवलेला खाली?”

“हो.”

“मग सांग आता. होती का न्हवती?”

सोळा वर्षांच्या या नोकरीत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तर माझ्या उजव्या हाताला पाठ होतं. मी म्हणालो, “काहीतरी लागलं होतं. पण दुसऱ्या कोणी तपासलं नाही, तोवर नक्की सांगता येणार नाही.”

“आता कोन तपासनार?”

“कोणी नाही.”

“म्हंजे कधीच न्हाय.”

“नाही.”

चाचांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी कदाचित बोललो असतो. ते म्हणाले, “बरोबर हाय तुझं. पेपरमदी खोटं छापू न्हाय.” मग रंधा उचलला आणि अर्धवट पिकिंग स्टिक घासायला बसले. मी उठलो. दारापर्यंत जाईस्तोवर रंध्याचा आवाज चालू होता.

खात्याचे पैसे संपले. उरलेलं जहाज चिखलात आहे, किंवा नाही. त्या जागी नंतर यांत्रिक पंपाने रेती काढू लागले आणि डुबीवाल्यांचं काम गेलं. पंपाला लाकूड लागलं तर तो थांबत नाही. खाडीकाठच्या शेतांवर गोदामं आली. पुढे एका दैनिकाने भिवंडीच्या इतिहासावर पुरवणी काढली. तिच्यात इथे जहाजं बांधली जात असल्याची ‘दंतकथा’ आहे, असं एक वाक्य होतं. जुन्या ओळखीने ती पुरवणी मी तपासून दिली होती. ‘दंतकथा’ हा शब्द मी तसाच राहू दिला, कारण पुराव्याअभावी तोच अचूक होता. चाचांच्या गल्लीत तो अंक गेलाच असणार.

इस्माईल चाचा गेले ते मला चार दिवसांनी कळलं. मी भेटायला गेलो. गाळा रिकामा करून तिथे यार्नचं गोदाम करायचं ठरलं होतं. त्यांचा मोठा मुलगा लूमवर जॉबर आहे, म्हणजे माग जोडणारा मिस्त्रीच. त्याने पेटी माझ्यापुढे सरकवली. “अब्बा बोलके गये थे, ये पेपरवाले को देना. म्हणाले, आता बघितली तरी चालेल.”

मी पेटी उघडली. तीन महिने जिच्यावर बसलो होतो तिच्या झाकणाच्या आतल्या अंगाला छिन्नीने पाडलेली खूण होती, जुनी, हाताळून कडा गोल झालेली. मी आलो की ते झाकण का लावत हे तेव्हा समजलं. मी सांगू नका म्हटलं होतं आणि त्यांनी शब्द पाळला होता.

उजव्या हाताची बोटं मी तिच्यावर फिरवली, डोळे मिटून, कारण वाचायची सवय तशीच आहे. उभी रेघ. उजव्या अंगाला दोन तिरक्या. खालचं भोक मात्र पेटीवर नाही, तेव्हा ते किड्याचं असावं. बाकी तिन्ही रेघा जुळतात, तिरक्यांचा कलही.

एक सूत्र खाडीत होतं, दुसरं पेटीत. दोन्ही एकमेकांना न विचारता मिळालेली आहेत. बातमी छापायला आता हरकत नाही, म्हणून या अंकासाठी हे लिहिलं. मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर: होती.